तळघर आणि लेणे : कर्जत-खालापूर परिसरातील अतिथिशालेचा एक विचार

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या रहिवाशांची शेतघरे गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. पाहुण्यांच्या बैठकीसाठी जमिनीखाली एक सजविलेले दालन असावे, ही त्यांतील काही मालकांची हौस. वरवर पाहता ही कल्पना परकी आणि अगदी अलीकडची वाटते. परंतु पृथ्वीच्या पोटात जागा कोरून तेथे आल्यागेल्याचे आगतस्वागत करण्याची प्रथा या भूप्रदेशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चांगली रुजलेली होती. मात्र ती जागा खाली खणलेली नव्हती. ती डोंगरात आडवी कोरलेली होती. हा भेद का पडला आणि त्यातून काय निष्पन्न होते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी जमिनीत खड्डा खणणे म्हणजे पाण्याला आमंत्रण देणे होय. देशावर धान्य पेवात साठवीत, तर कोकणात ते कणगीत, जमिनीपासून उंच ठेवीत, यामागील कारणही हेच. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. कोरड्या मुलखातील भुयारी साठवणसुद्धा पाण्यापुढे किती असहाय असते, हे त्यावरून दिसते.

आता कोंडाणे येथील लेण्यांकडे वळू. कर्जतपासून जवळच, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात हा बौद्ध लेणीसमूह आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत मानला जातो. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आहे. चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या शेजारचा विहार अधिक महत्त्वाचा. त्याचे मधले दालन सुमारे २३ फूट रुंद व २९ फूट खोल असून उंची ८ फुटांहून थोडी अधिक आहे. तीन बाजूंना प्रत्येकी सहा, म्हणजे एकूण अठरा खोल्या. प्रत्येकीत निजण्यासाठी दगडी ओटा. दर्शनी भागालगतच्या दोन्ही खोल्यांत मात्र दोन-दोन ओटे. दाराजवळच्या या जोडओट्यांच्या खोल्या नवागतांसाठी राखल्या असाव्यात, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु त्यास लेखी आधार नाही, म्हणून तो तर्क म्हणूनच ठेवावा.

या दालनाचे छत विशेष लक्षणीय आहे. दगडी छताला तुळयांची व वाशांची गरज नसते. तरीही येथे खडकातच तुळया कोरल्या आहेत आणि त्यांच्यामधील जागा बारीक वाशांनी विभागल्या आहेत. कारागिरांना लाकडी घरे बांधण्याची सवय होती, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणामही विचारात घ्यावयास हवा. घाट उतरून आलेला प्रवासी कड्याच्या पोटात शिरे, तेव्हा त्याला गुहेत नव्हे तर घरात आल्यासारखे वाटत असले पाहिजे.

कर्जत तालुक्यातीलच आंबिवली येथील लेण्यात बैठकीची सोय आणखी स्पष्ट दिसते. नदीच्या वळणावर, पात्रापासून सुमारे वीस फूट उंचीवर हे लेणे आहे. दालन सुमारे ४२ फूट बाय ३९ फूट. तीन बाजूंना चार-चार खोल्या. आणि त्याच तीन बाजूंनी भिंतीलगत फिरणारा सलग बुटका कट्टा. मध्यभाग मोकळा आणि बसणाऱ्यांची तोंडे परस्परांकडे, ही रचना एकान्तवासाची खचितच नव्हे. पाणी जवळ असावे, परंतु उंबऱ्याला लागू नये, हा हिशेबही जागेच्या निवडीत उघड आहे.

आल्यागेल्याचे स्वागत कसे करावे, याचे नियम विनयपिटकातील चुल्लवग्गात दिलेले आहेत. आगंतुक भिक्षू वडीलधारा असेल तर निवासी भिक्षूने त्यास आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र व चीवर घ्यावे, पिण्याचे पाणी हवे का ते विचारावे, निजण्याची जागा दाखवावी. आसन, पाणी आणि शय्या ही त्या आतिथ्याची तीन अंगे. कोंडाणे-आंबिवलीत हे नियम अक्षरशः पाळले जात होते, असे सिद्ध करता येणार नाही. पण कट्टा आणि ओटे यांच्या रूपाने दोन अंगे तेथे खडकातच कोरलेली आहेत. तिसऱ्या अंगाची, म्हणजे पाण्याची, साक्ष याच रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या लेण्यांतील एक शिलालेख देतो. राजकुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानात लेणे, चैत्यगृह व आठ ‘ओवरक’ यांच्याबरोबर लेण्याच्या दोन बाजूंच्या दोन पोढींचा, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचा, स्वतंत्र उल्लेख आहे. ‘ओवरक’ म्हणजे खोली. हाच शब्द मराठीत ‘ओवरी’ होऊन राहिला आणि देवळाभोवती यात्रेकरूने पथारी टाकण्याच्या जागेस लागू झाला. लेणी ओस पडली, परंतु त्यांतील पाहुण्याची खोली भाषेत टिकून राहिली.

यावर असा आक्षेप निघू शकेल की, महाराष्ट्रात जमिनीखालची खरीखुरी बैठकही आहे. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीर (१७१९-१७२४) हे तिचे उत्तम उदाहरण. वीरूबाईंनी बांधविलेल्या या सुमारे ११० फूट खोल विहिरीत दगडी महाल आहे, आणि शाहू महाराज तेथे खलबते करीत, अशी परंपरा सांगितली जाते. हा आक्षेप मुळात सिद्धान्ताला पुष्टीच देतो. लिंब घाटमाथ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या प्रदेशात आहे. आणि तेथेही रचनाकाराने पाण्याला हुसकून लावले नाही, तर त्यालाच केंद्रस्थान देऊन बैठक त्याच्या वर उचलून धरली.

हा विचार केवळ पुराणवस्तूंपुरता मर्यादित नाही. लेणी कोरणाऱ्यांनी डोंगरउताराची भुसभुशीत माती व मुरूम टाळून अभंग कातळ निवडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. त्या आपत्तीचा तळघरांशी काही संबंध नव्हता. ती वाडी गरीब आदिवासींची होती. परंतु पावसाने भिजलेला उतार या परिसरात काय करू शकतो, हे तिने दाखवून दिले. त्याच उतारांवर हौसेखातर खोदकाम करणाऱ्याने, आपल्या खोदाईने सुटलेले पाणी आणि माती खालच्या कोणाच्या दारात जाणार, हा प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे.

कोंडाण्याच्या विहाराचा दर्शनी भाग आज बराचसा ढासळलेला आहे. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याची धार त्याच्यासमोर कोसळते. दालन मात्र अजून उभे आहे, आणि पावसात सापडलेला वाटसरू आजही तेथे आसरा घेऊ शकतो. अतिथीसाठी बांधलेल्या वास्तूची याहून कठोर कसोटी सांगता येणार नाही.