अठरा पेन्सांचा रुपया

हुंडणावळीचा विषय निघाला की श्रोता जांभई देतो, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. पण अँटॉप हिलला, जेथे ठराविक पगारावर महिना काढणाऱ्या केंद्र सरकारच्या नोकरांची एवढी मोठी वसाहत आहे, तेथे तरी हा विषय परका वाटू नये. रुपयाचा दर ठरतो तेव्हा पगाराचे मोलही ठरत असते.

1893 साली सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि पुढे रुपया 16 पेन्सांना बांधला. पहिल्या महायुद्धात ते बंधन तुटले. 1925 साली रुपया 18 पेन्सांच्या आसपास होता व सरकारला तो तेथेच हवा होता. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक 16 पेन्सांवर अडून बसले. हिशेब साधा आहे. विलायतेत एका पौंडाला कापूस विकला तर जुन्या दराने 15 रुपये हाती येत, नव्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पै. परदेशी कापड मात्र त्याच प्रमाणात स्वस्त पडे. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी 1926 साली हिल्टन यंग आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली. तरी 1927 च्या कायद्याने 18 पेन्स कायम झाले.

देशी व्यापारी विरुद्ध परके सरकार, अशी ही कथा सांगतात. ती खोटी नाही, अपुरी आहे. येथून जवळच परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी तिसऱ्याच पक्षाची बाजू मांडली. दर उतरला की किमती चढतात, मजुरी मागे राहते. व्यापाऱ्याच्या नफ्याची किंमत कमावून खाणारा भरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणून त्यांनी दोहोंमधला, पण 18 ला जवळचा दर सुचविला. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की चढ्या दरातही मजूर सुटला नाही. त्याच 1925 साली मालकांनी मंदीच्या नावाने मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. मोठा संप झाला. डिसेंबरात सरकारने गिरणी-कापडावरील अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली.

आंबेडकरांचा खरा आक्षेप दराच्या आकड्यापेक्षा खोल होता. नाणी किती पाडावयाची हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, कायद्याने मर्यादा घालावी. आणि लंडनमधील भावापेक्षा रुपयाची घरची खरेदीशक्ती स्थिर राखावी. 1931 च्या सप्टेंबरात इंग्लंडने सोने सोडले आणि रुपया पौंडाच्या मागे फरफटत गेला. 1935 साली रिझर्व्ह बँक आली, तरी 18 पेन्स तसेच राहिले. दर बाजारावर सोडला गेला तो 1993 साली. 2016 साली कायद्यात महागाईच्या लक्ष्याची तरतूद झाली. 4 टक्के लक्ष्य ठरले, वर-खाली 2 टक्क्यांची मुभा. ते मोजतात पौंडाच्या भावावरून नव्हे, ग्राहकाला पडणाऱ्या किमतींवरून.