दाबोळी ते मोपा : तिकिटावर गाव एक, विमानतळ दोन

प्रतिनिधी

पणजी : गोव्याचे विमान म्हटले की दाबोळी, हे समीकरण अनेक वर्षे प्रवाशांच्या अंगवळणी पडले होते. ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून आलेले पहिले प्रवासी विमान मोपा येथे उतरले आणि ते बदलले. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' हे नाव येत असल्याने चुकीच्या विमानतळावर पोहोचण्याचा धोका मात्र कायम आहे. अशा वेळी दोहोंमधील अंतर ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

दाबोळी विमानतळ वास्कोनजीक मुरगाव तालुक्यात आहे. पोर्तुगीज राजवटीत, १९५० च्या दशकात तो उभारला गेला. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर तो नौदलाकडे आला. आजही हा नौदलाचा तळ असल्याने नागरी उड्डाणांवर वेळेची बंधने येतात. मोपा विमानतळ उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातील पठारावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. त्याला माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले आहे.

अंतर व वेळ

नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास दोन्ही विमानतळांत जेमतेम ४० किलोमीटर अंतर आहे. रस्त्याने मात्र ते ६० किलोमीटरच्या पुढे जाते. दाबोळीहून चिखली, कुठ्ठाळी, झुआरी पूल, बांबोळी, पणजी, पर्वरी, म्हापसा आणि धारगळमार्गे मोपा, असा हा मार्ग आहे. झुआरी व मांडवी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात.

रस्ता मोकळा असल्यास मोटारीने सुमारे दीड तास लागतो. सकाळ-सायंकाळची गर्दी, पावसाळा व डिसेंबरअखेरचा पर्यटन हंगाम या काळात दोन तास किंवा अधिक वेळ धरावा. २०१९ मध्ये मांडवीवरील अटल सेतू आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने नवा झुआरी पूल खुला झाल्याने जुन्या पुलांवरील कोंडी बरीच कमी झाली. पणजी, पर्वरी व म्हापसा परिसरातील वर्दळ मात्र टळत नाही.

दाबोळीला रेल्वेस्थानक आहे. मोपाला पेडणे व थिवी ही स्थानके जवळची. तथापि, मडगावला गाडी बदलावी लागत असल्याने घाईच्या वेळी रेल्वेचा उपयोग नाही. बसनेही वाटेत बदल करावा लागल्यास वेळ वाढतो. त्यामुळे टॅक्सी हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

जोडविमान असल्यास

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर सामान घेण्यास पाऊण तास, रस्त्यास दोन तास आणि देशांतर्गत उड्डाणापूर्वी दोन तास धरून किमान पाच तासांचे अंतर ठेवावे. दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असल्यास विमान चुकल्याचा भुर्दंड सहसा प्रवाशालाच सोसावा लागतो.

ध्यानात ठेवा

* तिकिटावरील सांकेतिक अक्षरे : दाबोळी - जीओआय, मोपा - जीओएक्स.
* पणजीहून अंतर : दाबोळी सुमारे ३० किलोमीटर, मोपा सुमारे ३५ किलोमीटर.
* वास्को, मडगावकरांना दाबोळी, तर म्हापसा, पेडणे, बांदा व सावंतवाडीकरांना मोपा सोयीचा.
* टॅक्सीचालकाला केवळ 'एअरपोर्ट' न सांगता विमानतळाचे नाव सांगावे.