हेलिगनची बाग आणि भिंतीवरची नावं

स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह झाला. आपल्या सोसायटीचा इतिहास अहवालात आहेच. म्हणून दोन वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका परदेशी बागेबद्दल लिहितो. सोसायटीशी तिचा काय संबंध, ते शेवटी सांगेन.

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. ती आम्हां दोघांना अगदी नैर्ऋत्येच्या टोकाला, कॉर्नवॉलमध्ये घेऊन गेली. तिथे मेव्हागिसी नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळ हेलिगन ही जुनी जहागिरी आहे. ट्रिमेन घराण्याने ती १५६९ साली विकत घेतली. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घराण्याच्या चार पिढ्यांनी एकामागून एक तिथली बाग वाढवली. शोभेची झाडं, भाजीचा मळा, काचघरं आणि दरीतलं एक 'जंगल' असा सगळा पसारा आहे. परिसर सुमारे दोनशे एकरांचा! आमच्या हिने पहिल्या तासातच बाक गाठलं.

त्या बागेत आपल्याकडचीही झाडं भेटतात. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५१ या काळात हिंदुस्थानात होता. सिक्कीमच्या हिमालयातून त्याने रोडोडेंड्रॉनचं, म्हणजे आपल्या बुरांसच्या जातभाईंचं बी विलायतेला पाठवलं. त्या बियांची झाडं हेलिगनला आजही उभी आहेत.

त्याहून मजा वाटली ती अननसाची. कॉर्नवॉलच्या थंडीत अननस! विटांनी बांधलेल्या खड्ड्यात कुंड्या, वर काचेची झाकणं, आणि दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्याची ताजी लीद. लीद कुजताना जी ऊब निघते, ती विटांच्या भोकांतून कुंड्यांपर्यंत पोचते. म्हणजे उकिरड्याच्या उबेवर वाढलेलं फळ साहेबाच्या टेबलावर. लीद थंड पडली की उपसून नवी भरायची, आणि एका फळासाठी दोनेक वर्षं थांबायचं. हे कष्ट अर्थातच साहेबाचे नव्हते.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं. बागेतले माळी सैन्यात गेले आणि त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. वाड्यात जखमी अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय झालं. शेवटच्या मालकाने पुढे इटलीत बस्तान हलवलं आणि वाडा भाड्याने गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन सैनिक राहिले. इकडे बागेवर काटेरी वेली चढल्या, काचघरं कोसळली, वाटा मातीखाली गेल्या. आपल्याकडे एका पावसाळ्यात अंगण गवताने भरतं. तिथे तर सत्तरएक वर्षं कोणी फारसं पाहिलंच नाही.

१९९० साली ट्रिमेन घराण्यातले एक वारसदार जॉन विलिस आणि टिम स्मिट या दोघांनी झाडोऱ्यातून वाट काढली. जानेवारीतल्या मोठ्या वादळाने झाडं उन्मळून पडली होती, त्यामुळे काम आणखी कठीण. तरी १९९२ मध्ये बाग लोकांसाठी उघडली, आणि पुढे त्या खड्ड्यात पुन्हा अननसही पिकला.

मला मात्र सगळ्यात आठवते ती एक अगदी लहान खोली. टरबुजांच्या वाफ्यांच्या आवाराच्या कोपऱ्यातला हा माळ्यांचा संडास. त्याच्या चुन्याच्या भिंतीवर माळ्यांनी पेन्सिलीने आपापली नावं लिहिली होती, आणि तारीख घातली होती ऑगस्ट १९१४. आता ती अक्षरं फार पुसट झाली आहेत. डोळे बारीक करून बराच वेळ पाहावं लागतं. पण बाग शोधणाऱ्यांना ही नावं सापडली आणि त्यांनी ठरवलं, की बाग पुन्हा उभी करायची ती या लोकांची म्हणून. चरित्र साहेबाचं नाही, माळ्यांचं सांगायचं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने त्या संडासाला 'जिवंत स्मारक' म्हणून मान्यता दिली.

बाहेर येताना मी लेकीला विचारलं, "वाडा कुठाय? आत जाऊ या की." ती हसली. म्हणाली, "बाबा, तिथे आता फ्लॅट आहेत. १९७०च्या दशकात पाडले आणि विकले. लोक राहतात." म्हणजे शेवटी तीही एक सोसायटीच!

आता संबंध सांगतो. आपल्या फाटकाजवळच्या संगमरवरी पाटीवर पहिल्या कार्यकारिणीची सात नावं आहेत. त्यांत एक माझं. पण मागच्या अंगणातला बकुळ, तो चाफा, कुंपणाची मेंदी मी लावली नाही. ज्याने लावली, त्याला आपण सगळे 'माळीमामा' म्हणायचो. पहिली अकरा वर्षं ते रोज येत. ही स्मरणिका निघणार म्हणून मी जुनी खातेवही काढून पाहिली. दर महिन्याला एकच नोंद: 'माळी – पगार'. नोंद माझ्याच हस्ताक्षरातली. नाव कुठेच नाही. सचिव असताना एकदाही मी त्यांचं पूर्ण नाव विचारलं नाही. लाज वाटली, म्हणून लिहून टाकतो.

हेलिगनच्या माळ्यांकडे निदान पेन्सिल होती. आपल्या माळीमामांचं नाव, गाव, एखादा फोटो कुणाकडे असेल तर कृपया मला सांगा. येत्या वार्षिक सभेत बकुळीखाली एक छोटी पाटी लावण्याचा ठराव मी मांडणार आहे. खर्च माझा. फक्त त्या पाटीवर 'माळी' एवढंच लिहायची वेळ आपल्यावर येऊ नये.