मोडशी आणि जुन्या गोव्याचे राजरुग्णालय

कोकणात पोट बिघडले, अन्न न पचता वर आले, की ‘मोडशी झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द घरगुती आहे. त्यावर ओवा द्यावा, पेज पाजावी आणि रोगी दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागावा, इतकाच त्याचा आज दरारा. परंतु सोळाव्या शतकात याच शब्दाने गोवे बेट हादरले होते. ‘मोडणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. ज्या रोगाने धट्टाकट्टा माणूस काही तासांत मोडून पडतो, ती मोडशी. पोर्तुगीजांनी हा उच्चार ‘मोर्देशीं’ असा केला. पुढे फ्रेंचांनी तोच शब्द आपल्या भाषेत ओढून ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे त्याचे रूप करून टाकले. एका देशी शब्दाचा असा अर्थ व्हावा हे विचित्र खरे. पण ज्यांनी तो रोग डोळ्यांनी पाहिला, त्यांना तो अर्थ अस्थानी वाटला नसावा.

हा रोग म्हणजे पटकी. सन १५४३ मध्ये गोव्यात तिचा जो कहर झाला, त्याचे वर्णन गास्पार कोर्रैया या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पोटात विष भिनावे तशा वेदना, वांत्या, न शमणारी तहान आणि हातापायांचे गोळे यांनी माणसे पटापट मरत. शंभरांत दहासुद्धा वाचत नसत. दिवसाकाठी इतकी प्रेते पुरावी लागत की, मृत्यूच्या घंटानादाने लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सौझा याने देवळांतील घंटा वाजविण्यास मनाई केली. त्याने आणखीही एक गोष्ट केली. एका मृताचे शरीर उघडून पाहण्याची आज्ञा वैद्यांना दिली. त्यांना इतर काही आढळले नाही. जठर मात्र कोंबडीच्या पोटातील पेटीसारखे आक्रसलेले आणि आगीवर धरलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले दिसले. रोगाचे कारण त्यांच्या हाताला लागले नाही, आणि सूक्ष्मदर्शकाच्या अभावी लागणेही शक्य नव्हते.

वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातच छापून निघालेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाची लक्षणे दिली आहेत. नाडी बारीक होते, अंगास गार घाम सुटतो, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात; कित्येक रोगी दहा तासांत संपतात. जून व जुलै हे याचे मुख्य महिने, असेही तो सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाशी साचलेली घाण विहिरींत उतरते, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक आहे; ओर्ताने ऋतू अचूक टिपला, पाण्याकडे मात्र बोट दाखविले नाही. या विद्वानाची मृत्यूनंतर काय गत झाली तेही सांगितले पाहिजे. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला आणि १५८० मध्ये धर्मन्यायासनाने त्याची हाडे उकरून जाळली. ख्रिस्ती माणसाने हे पान झाकून ठेवू नये.

आता रुग्णालयाकडे वळू. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवे घेतल्यानंतर लवकरच मांडवीच्या काठी सैनिकांसाठी राजरुग्णालय उभे राहिले. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर याच रुग्णालयात राहिले. ज्यांची अवस्था फारच वाईट, त्यांच्या खाटेपाशी ते रात्री जमिनीवर निजत. शतक सरता सरता येशूसंघीय धर्मगुरूंकडे या संस्थेची व्यवस्था आली आणि तिची कीर्ती युरोपात पोहोचली. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याची मालदीव बेटांपाशी जहाजफूट झाली होती. १६०८ मध्ये तो आजारी अवस्थेत गोव्यात येऊन याच रुग्णालयात दाखल झाला. जगात याहून चांगले रुग्णालय नसेल, असे त्याचे मत पडले. लाखेने रंगविलेल्या खाटा, कापसाच्या गाद्या, स्वच्छ चादरी, चिनी मातीची भांडी, हे सारे त्याने हौसेने लिहिले आहे. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा या वेळांत आप्तमित्रांना भेटीची परवानगी असे. भेटीला आलेल्याने रोग्यासोबत जेवावे, यालाही हरकत नव्हती. मित्र आलेला दिसला की सेवक पाने वाढताना थोडे अधिकच वाढीत.

या आदर्श रुग्णालयात सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सुमारे पंचवीस हजार पोर्तुगीज सैनिक मरण पावले, असा आकडा इतिहासकार देतात. त्यांत हिवतापाचे बळी होते, दीर्घ सागरप्रवासात रक्तपितीने खंगून आलेले होते. सगळा दोष आतड्याच्या रोगांवर टाकता येणार नाही. तथापि हगवण आणि पटकी यांचा वाटा त्यांत मोठा होता, हे समजण्यास पिरारचे वर्णनच पुरेसे आहे. एका ताटातली भाकर दोघे मोडतात, त्यांतला एक हगवणीचा रोगी आहे. तोच सेवक एकाचे शौचपात्र उचलतो आणि दुसऱ्याच्या तोंडाला पेला लावतो. हगवणीच्या जंतूंची एक जात किशोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये शोधली. तिच्या कुळातले दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी रोग जडतो. नखाच्या कडेला याहून कितीतरी अधिक मावतात. पटकीला पुष्कळच मोठी संख्या लागते, म्हणून ती बहुधा पाण्यातून येते. परंतु ज्याचे जठराम्ल आजाराने वा उपासमारीने कमी झाले आहे, त्याला थोडकीही पुरते. दाराशी येणारा सैनिक नेमका तसाच असे.

पाण्याची कथा तर याहून बिकट. गोव्याची भूमी जांभ्याची. जांभा सच्छिद्र, शौचकूप आणि विहीर शेजारी शेजारी असली की एकाचे दुसरीत झिरपावयास वेळ लागत नाही. लोकांना याची अंधुक जाणीव असावी, कारण बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी गुलाम घड्यांतून शहरात आणून विकीत, अशी नोंद डच प्रवासी लिन्शोटेन याने केली आहे. पैसा असलेला झऱ्याचे पाणी पिई, नसलेला विहिरीचे.

पुढे रुग्णालयाला उतरती कळा लागली. १६४० नंतरच्या दशकात गोव्यास आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये लिहितो की, रोग्यांचे रक्त तीस-चाळीस वेळासुद्धा काढीत. पाण्यासाठी आक्रोश करणाऱ्या रोग्याला सेवक पैसे घेतल्याखेरीज थेंबही देत नसत, आणि वैद्यांची मनाई आहे असा बहाणा करून ते चोरून पाजीत. ताव्हेर्निये प्रॉटेस्टंट होता, पोर्तुगीजांविषयी त्याच्या मनात अढी असणे संभवते. हे ध्यानात घेऊनही वृत्तांत अंगावर काटा आणणारा आहे. पटकीचा रोगी मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ओर्ताने मात्र देशी लोकांचा उपचार नोंदवून ठेवला होता: मिरी व जिरे घालून तांदळाची पेज पाजणे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचविले, आणि त्यानंतर तांदळाच्या पिठाचे तसेच पाणी पटकीवर गुणकारी ठरले. पेजेचा मान त्यामुळे वाढला.

शहर ओस पडत गेले. १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालय सुरू झाले ते पणजीत, आणि पुढल्याच वर्षी राजधानीचा मानही पणजीला मिळाला. मोरजी व सारा पेडणे महाल तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. राजरुग्णालयाच्या भरभराटीशी त्याचा संबंध आला नाही. पूल होण्यापूर्वी मोरजीच्या रोग्याला चोपड्याहून शापोरा नदी ओलांडून शिवोलीमार्गे म्हापसे गाठावे लागे. मोडशीचा रोगी त्या वाटेत किती तग धरी, याचा अंदाज ओर्ताच्या दहा तासांवरून करावा.

रुग्णालयच रोग देते, ही गोष्ट जगाच्या ध्यानी फार उशिरा आली. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभे होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्युमान शेकडा ४२ वर गेले. मार्चमध्ये गटारे उपसण्यास आरंभ झाला आणि जूनपर्यंत ते शेकडा २ वर आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची शुश्रूषा त्याआधीही चालूच होती. १८८४ मध्ये कलकत्त्यास रॉबर्ट कॉख याने पटकीच्या जंतूंवरील आपले संशोधन पुरे केले, तेव्हा कुठे शत्रूचा चेहरा निश्चित झाला.

एवढ्याने प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. प्रतिजैविक औषधे आली, त्यांनी आतड्यातले उपकारक जंतूही मारले, आणि त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूला शिरकाव मिळाला. औषधांमागून येणाऱ्या तीव्र आंत्रदाहाचे मूळ हाच जंतू, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. त्याची बीजाणुरूपे खाटेच्या दांड्यावर, फरशीवर महिनोन्‌महिने टिकतात. हाताला मद्यार्क चोळून ती मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुऊनच टाकावी लागतात. अमेरिकेत सिएटल येथील एका रुग्णालयातील निरीक्षणे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. येताना हा जंतू अंगी नसलेल्या ३९९ रोग्यांपैकी ८३ जणांनी तो तेथेच मिळविला होता. बाधितांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी शेकडा ५९ जणांच्या हातांवर तो सापडला. त्या ८३ जणांतील ५२ जणांना मात्र जुलाब नव्हते, पोटदुखी नव्हती, तक्रार कसलीच नव्हती. आपल्या खाटेवर ते इतरांसारखेच पडून होते.