घाव आणि घोर

जखम जितकी मोठी तितकी वेदना मोठी, हा हिशेब सामान्यतः स्वयंसिद्ध मानला जातो. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या रणभूमीवर अमेरिकन सैन्याबरोबर असलेल्या डॉ. हेन्री बीचर यांना मात्र तो पटेना. हाडें मोडलेल्या, पोट किंवा छाती विदीर्ण झालेल्या दोनशेंहून अधिक शिपायांना त्यांनीं विचारलें. सुमारें तीन-चतुर्थांशांनीं वेदनाशामक औषध नको म्हटलें. बरें, हे लोक बधिर झाले होते म्हणावें तर शिरेंत सुई नीट न टोंचल्यास तेच तक्रार करीत! बीचर यांनीं १९४६ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. शिपायाला जखम म्हणजे मरणांतून सुटका वाटते, आणि नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे संकटाचा आरंभ वाटतो, असा त्यांचा अभिप्राय होता.

परंतु मनांतील अर्थ देहांत उतरतो कसा? १९६९ सालीं रेनॉल्ड्स यांनीं उंदराच्या मध्यमेंदूंत वीजप्रवाह सोडून, भुलीचें औषध न देतां, पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७३ सालीं बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि उप्साला येथें, मॉर्फीन जेथें जाऊन चिकटतें अशीं स्थानें मेंदूंत सांपडलीं. खसखशीच्या बोंडांतील चिकासाठीं निसर्गानें मानवी मेंदूंत बैठक मांडून ठेवावी, हें नवलच. उत्तर १९७५ सालीं ॲबर्डीनहून आलें. ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनीं डुकरांच्या मेंदूंतून अफूसारखें द्रव्य वेगळें काढलें व त्यास एन्केफॅलिन हें नांव दिलें.

आकस्मिक संकटांत ही कोठी उघडते. जनावर आधीं पळतें, मग लंगडतें. नॅलोक्सोन हें अफूचा उतारा असलेलें औषध दिल्यास ही बधिरता पुष्कळ प्रयोगांत ओसरते. सर्वच प्रयोगांत ओसरत नाहीं. तेव्हां अफूखेरीज दुसरीही वाट असली पाहिजे.

पण संकट हटतच नसेल तर? कित्येक आठवडे रोज कोंडून ठेवलेले उंदीर उष्णता लागतांच पूर्वींपेक्षां लौकर शेपूट ओढून घेतात, आणि मॉर्फीनचाही त्यांना पुरता गुण येत नाहीं. मेंदूंतून पाठीच्या कण्याकडे उतरणारी जी आज्ञा वेदनेचें दार लावी, तीच तें उघडूं लागते, असें संशोधक मानतात. शिवाय १९७९ सालीं ओळखलें गेलेलें डायनॉर्फिन आहेच. तेंही अफूच्याच कुळांतलें, पण दीर्घ ताणांत तें मनाला विषण्ण करतें. एकाच घरांत दाता आणि सावकार नांदावे, तसा हा प्रकार आहे.

माणसांतील चित्र इतकें स्वच्छ नाहीं. तरी वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणाऱ्या सुनेनें अंग ठणकतें म्हटलें, आणि तपासणींत कांहीं निघालें नाहीं, तर ती ढोंग करते हा घराघरांतून दिला जाणारा निकाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तपासलीं गेलीं तीं हाडें आणि रक्त. तिच्या मेंदूंतून कण्याकडे कोणती आज्ञा उतरत आहे, हें दवाखान्यांतील नित्याची कोणतीही तपासणी दाखवीत नाहीं.