टॉर्क कन्व्हर्टर लॉकअप (ऑटोमॅटिक पिकअपमधील)

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलामार्फत जाते. गाडीने पुरेसा वेग घेतला की तेलाचा हा दुवा बाजूला ठेवून इंजिन व गिअरबॉक्स यांना घर्षणाच्या तबकडीने थेट जोडणारी जी यंत्रणा, ती लॉकअप. बोलीभाषेत हिला स्वतंत्र नाव नाही. चालक ‘गिअर पडला’ म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

डहाणू व तलासरी तालुक्यांत पिकअप म्हणजे चिकू, भाजी, मासळी नाहीतर गवताचे भारे वाहणारी, हाताने गिअर टाकायची गाडी. ऑटोमॅटिक पिकअप भारतात आली ती मुख्यतः हौशी ग्राहकासाठी. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस 2019 मध्ये 1.9 लिटर डिझेल इंजिन व सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह मिळू लागली. टोयोटा हायलक्स 2022 मध्ये आली. हायलक्सचे 2.8 लिटरचे इंजिन ऑटोमॅटिकबरोबर 500 न्यूटन-मीटर टॉर्क देते, मॅन्युअलबरोबर मात्र 420 च. त्यामुळे ऑटोमॅटिक म्हणजे ‘कमी ताकदीची, शहरी’ गाडी हा समज निदान इथे तरी टिकत नाही. या तालुक्यांना टॉर्क कन्व्हर्टर नवा मात्र नाही. महामार्गाच्या आणि बुलेट ट्रेनच्या कामांवर राबणाऱ्या बॅकहो लोडरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात त्यात, तो असतोच. माती उचलणाऱ्या त्या यंत्राला सतत थांबत-ढकलत काम करायचे असते, म्हणून तिथे लॉकअपची फारशी गरज पडत नाही. लांब पल्ल्यावर एका वेगाने धावणाऱ्या गाडीला ती पडते.

रचना व कार्य : कन्व्हर्टरच्या बंद कवचात तीन पातेचक्रे असतात. इंजिनाला जोडलेला पंप तेल भिरकावतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा दांडा फिरवते. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा बदलतो. या वळवण्यामुळेच सुरुवातीला टॉर्क वाढतो, गाड्यांमध्ये साधारण दुपटीपर्यंत. भरलेली पिकअप चढावर थांबून पुन्हा उचलताना मिळणारा जोर तो हाच. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या सुमारे नऊ दशांशापर्यंत पोचला की ही वाढ संपते. त्यापुढे कन्व्हर्टर केवळ ताकद पोचवतो आणि तेही थोडे घसरत. पंप व टर्बाइन कधीच पूर्ण एका वेगाने फिरत नाहीत. या घसरणीची उष्णता होते, म्हणजे डिझेल तेल तापवण्यात खर्ची पडते.

लॉकअपची तबकडी टर्बाइनला जोडलेली असते. गाडीतल्या संगणकाने सोलेनॉइड झडपेला हुकूम दिला की तेलाचा दाब तबकडीच्या दुसऱ्या बाजूने येतो आणि ती कवचाच्या आतल्या पृष्ठभागावर दाबली जाते. इंजिनाचे धक्के थेट गिअरबॉक्सला बसू नयेत म्हणून तबकडीत स्प्रिंगा बसवलेल्या असतात. जुन्या चार गिअरच्या पेट्यांत (गिअरबॉक्समध्ये) लॉकअप बहुधा वरच्या गिअरमध्येच लागे. सहा गिअरच्या पेट्यांत तो खालच्या गिअरमध्येही लागतो आणि पुष्कळदा अर्धवट, मुद्दाम थोडा घसरता ठेवला जातो.

रस्त्यावरचे वर्तन : डहाणू रोड स्टेशनजवळच्या बाजारात, थांबत-सरकत जाताना, लॉकअप फारसा लागतच नाही. चारोटीला राष्ट्रीय महामार्ग 48 वर येऊन तलासरी-अच्छाडच्या दिशेने एका वेगाने निघाले, तेल तापले आणि पाय स्थिर राहिला की इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा आणखी एकदा खाली येतो. ही घट मिनिटाला साधारण दोन-तीनशे फेऱ्यांची, गिअर बदलताना होते त्याहून सहसा लहान. सहा गिअरच्या गाडीत चालकाला भासणारा, प्रत्यक्षात नसलेला ‘सातवा गिअर’ तो हाच. ॲक्सिलरेटर दाबला की काटा वेगाआधी उडी घेतो, कारण जोर हवा म्हणून संगणकाने तबकडी सोडलेली असते. ब्रेकला पाय लागला तरीही ती सुटते. मॅन्युअलवर हात बसलेला मेकॅनिक हे पाहून ‘क्लच घसरतोय’ म्हणतो. ते निदान इथे चुकते. कासाहून जव्हारकडे चढताना लॉकअप लागणे-सुटणे वारंवार होते. त्याने बेचैन होण्यापेक्षा गिअर हाताने खालचा धरावा. तेल कमी तापते आणि उतरताना इंजिनाचा ब्रेकही चांगला मिळतो.

तपासणी व बिघाड : समतल रस्त्यावर, गाडी गरम असताना, 80 च्या आसपास स्थिर वेगात ॲक्सिलरेटर जागेवर ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करावा. काटा थोडा वर जाऊन पाय काढल्यावर परत बसला तर लॉकअप काम करतो आहे. मागे कंटेनर असताना हा प्रयोग करू नये.

काटा हललाच नाही तर लॉकअप लागलेलाच नव्हता. हा बिघाड फसवा, कारण गाडी चालत राहते; फक्त डिझेल जास्त जाते आणि पेटी तापते. कारणे पुष्कळदा कन्व्हर्टरबाहेर असतात. अडकलेला ब्रेक-दिव्याचा स्विच संगणकाला सतत ‘ब्रेक दाबला आहे’ असे सांगतो. उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट इंजिन गरम होऊ देत नाही, आणि थंड इंजिनावर संगणक लॉकअप देत नाही. बोर्डी-डहाणूच्या खाऱ्या हवेत वायरिंगच्या जोडण्या हिरव्या पडतात, तेही पाहावे. कन्व्हर्टर उतरवण्याचा मोठा खर्च या स्वस्त शक्यता संपल्यावरच करावा.

उलट बिघाडात तबकडी सुटत नाही, आणि क्लच न दाबता थांबवलेल्या मॅन्युअल गाडीसारखी ही गाडी सिग्नलला धक्का देऊन बंद पडते. तिसरा प्रकार थरथरीचा. साधारण 60 ते 80 च्या वेगात, हलक्या पायावर, रम्बलरवरून गेल्यागत कंप येतो. ब्रेकच्या स्पर्शाने तो तत्काळ थांबला तर दोष बहुधा लॉकअपचा. नाहीतर इंजिन किंवा शाफ्टकडे वळावे. कंपाचे नेहमीचे कारण जुने किंवा चुकीच्या प्रतीचे तेल. कंपनीने सांगितलेलेच तेल भरावे; ‘चालतं हो’ म्हणून ओतलेले तेल इथे चालत नाही. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावर पेटीच्या हवाछिद्रातून पाणी आत गेले तर तबकडीचे कागदी अस्तर ते शोषते आणि सुटू लागते. तेल दुधाळ दिसले तर इंजिन चालू करू नये.

इतिहास : कन्व्हर्टरचे पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर यांनी 1905 मध्ये घेतले, तेही जहाजांसाठी. मोटारीत थेट जोडणीचा क्लच पॅकार्ड कंपनीने 1949 मध्ये अल्ट्रामॅटिक पेटीत दिला. पुढे पेट्रोल स्वस्त असेतो अमेरिकेत त्याची कुणाला फारशी पर्वा नव्हती. तेलसंकटानंतर, 1978 च्या सुमारास, क्रायस्लरने तो पुन्हा आणला आणि मग सर्वांनीच स्वीकारला. भारतात द्रवचालित व यांत्रिक मार्गांचा मेळ घालणारे सुरी ट्रान्समिशन रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी मनमोहन सुरी यांनी विकसित केले. त्यांना 1962 चे भटनागर पारितोषिक मिळाले.

धक्का स्टार्ट व ओढणे : बॅटरी उतरलेली ऑटोमॅटिक पिकअप ढकलून चालू होत नाही. पेटीत तेलाचा दाब निर्माण करणारा वेगळा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद तर दाब नाही आणि दाब नाही तर पेटीतले क्लच चाकांची फिरत इंजिनापर्यंत पोचवत नाहीत. याच कारणाने बंद गाडी दोरीने लांबवर ओढल्यास पेटीतले भाग तेलाविना घासतात. महामार्गावर गाडी अडली तर ती फ्लॅटबेडवर, चारही चाके उचलून न्यावी. क्रेनवाला ‘न्यूट्रलमध्ये टाका, नेतो’ म्हणाला तरी.