ठाणेदार, श्री

(२२ फेब्रुवारी १९५५ – ). अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील मराठीभाषक सदस्य. जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावात. १९७९ मध्ये उच्चशिक्षणासाठी अमेरिकेस प्रयाण. अ‍ॅक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच्.डी. (१९८२). १९८८ मध्ये नागरिकत्व. रासायनिक विश्लेषणाच्या व्यवसायात त्यांनी नाव व धन मिळवले. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र.

२०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते तिसरे आले. २०२० मध्ये राज्य विधिमंडळावर, तर २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातील तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहावर ते निवडून आले; २०२४ मध्ये पुन्हा विजयी झाले. हे यश पैशाचे, असा आक्षेप घेतला जातो. प्रचारात त्यांनी स्वतःचा पैसा ओतला, हे खरेच. पण तो २०१८ मध्येही ओतला होता आणि तरीही ते हरले. पैशाने ओळख मिळाली, विश्वास मात्र मतदारांत राहूनच मिळवावा लागला. कृष्णवर्णीयबहुल डेट्रॉइटला अनेक दशकांनंतर कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तरी प्रतिनिधी कोण, हे ठरवण्याचा हक्क त्याच मतदारांनी बजावला. जन्मस्थानाबाहेरच्या मतदारसंघातून निवडून येणे भारतातही नवे नाही: जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेल्या. तेथे देश एकच होता. ठाणेदारांना आधी नागरिकत्व मिळवावे लागले, मग मत. म्हणून स्थलांतरिताचे प्रतिनिधित्व वंशापेक्षा उत्तरदायित्वाच्या कसोटीवर जोखणे न्याय्य ठरते.